काटा किती हलतो

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत आमचा प्रयोग चालतो, आणि त्याच्या प्रत्येक संशोधन-पेपरवर दोन हजारांहून जास्त माणसांची नावं असतात. त्यात एक माझं. हे ऐकलं की आमच्या अनगोळच्या गल्लीचा उत्साह निम्म्यावर येतो. "मग शोध तू नाही लावलास होय?" असं शेजारच्या काकूंनी तोंडावर विचारलं होतं. नाही लावला. पण ते दोन हजारांतलं एक नाव लागायला मला दीड वर्षाच्या वर लागलं. लोक विचारतात ते 'देवकण' (खरं नाव हिग्ज) आणि पगार, एवढंच. मधलं कुणी विचारत नाही, म्हणून ते लिहितोय.

आप्पा उद्यमबागेत टर्नर. एकाच वर्कशॉपात एकतीस वर्षं लेथवर उभे राहिले. बेळगावात फाउंड्र्या बक्कळ. कास्टिंग यायचं, त्याचं मशिनिंग व्हायचं, आणि पंपाचे, व्हॉल्व्हचे भाग होऊन माल बाहेरगावी जायचा. मालकाशी कानडी, फिटरांशी मराठी, भट्टीवरच्या उत्तरेकडच्या पोरांशी हिंदी, असं त्यांचं दिवसभर चालायचं. मी टिळकवाडीत बीएस्सी करत होतो तेव्हा सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जायचो आणि जेवण होईपर्यंत थांबायचो. पुढं एमएस्सी, मग मुंबईत पीएचडी, आणि तिथून प्रयोगासाठी जिनिव्हाजवळ सर्नमध्ये जायचं ठरलं.

जायच्या आधी कागद. माझ्या पासपोर्टवर जन्मगाव 'बेल्गॉम'. 1 नोव्हेंबर 2014 ला सरकारी कागदांत ते 'बेळगावी' झालं. (त्या तारखेला आमच्या गावात काय काय असतं ते सीमाभागातल्या माणसाला सांगायला नको.) माझा व्हिसाचा अर्ज नेमका त्याच्या पुढच्या महिन्यात. जुना जन्मदाखला कानडीत, हातानं लिहिलेला. नवा काढला तर त्यावर बेळगावी. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, त्यावर बेळगाव. खिडकीपलीकडची मुलगी तिन्ही कागद शेजारी ठेवून म्हणाली, "सर, यातल्या नक्की कुठल्या गावात जन्मलात?" शेवटी कोर्टासमोरच्या नोटरीकडून स्टँपपेपरवर लिहून घेतलं की ही तिन्ही नावं एकाच गावाची. नोटरी मराठी होता. सही करताना नुसता हसला.

फेब्रुवारी 2015 मध्ये पोचलो. जिनिव्हा स्टेशनवरून 18 नंबरची ट्राम पकडायची आणि शेवटच्या थांब्याला उतरायचं, समोर सर्नचं फाटक. आत गेल्यावर पहिली निराशा: सगळ्या इमारती जुन्या सरकारी कॉलनीसारख्या, कुठं रंग उडालेला, नंबरांचा काही क्रम नाही. भारतानं 2004 मध्ये दिलेली नटराजाची मूर्ती आहे, दोन मीटर उंच, तिच्याशेजारी आपली मंडळी फोटो काढतात. मीही काढला. आईनं तो फ्रिजवर चिकटवला आणि सगळ्यांना "नटराजाच्या हापिसात असतो" म्हणून सांगायला लागली.

सुरुवातीला आतल्याच होस्टेलवर, मग सरहद्दीपलीकडं फ्रान्समध्ये सें-जेनीला खोली घेतली, कारण स्वित्झर्लंडात भाडं परवडत नाही. खोली फ्रान्समध्ये, टेबल-खुर्ची स्वित्झर्लंडात, आणि आमचं यंत्र पुन्हा फ्रान्समध्ये सेसी नावाच्या खेड्यात, जमिनीखाली 100 मीटर. एलएचसी नावाच्या मोठ्या यंत्राच्या 27 किलोमीटरच्या बोगद्यात प्रोटॉन सेकंदाला 11 हजारांवर फेऱ्या मारतात आणि प्रत्येक फेरीत सरहद्द ओलांडतात. बेळगावचा माणूस म्हटल्यावर यावर मी काहीतरी बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते. मला तिथं सरहद्द जाणवली ती किराण्यात. स्विस माणसं स्वस्ताई म्हणून फ्रान्समध्ये बाजार करायला येतात आणि मटण माणशी एक किलोच्या वर नेलं तर नाक्यावर पैसे भरतात. आमच्याकडं कागलची मंडळी कोगनोळीला येऊन पेट्रोल भरतात, तसलंच.

आता नावाचं. सीएमएस या आमच्या प्रयोगात नुसता पीएचडीचा विद्यार्थी म्हणून आलात की पेपरवर नाव लागत नाही. आधी प्रयोगाची चाकरी करायची. यंत्राची देखभाल, मोजमापाची दुरुस्ती, पाळ्या. ज्यातून तुमचा स्वतःचा शोधनिबंध काडीनं पुढं सरकत नाही अशी कामं. ती ठरलेल्या महिन्यांइतकी भरली, तुमच्या संस्थेनं आणि गटप्रमुखांनी होय म्हटलं, की मग नाव यादीत. माझ्या वाट्याला ट्रॅकरचं अलाइनमेंट आलं.

ट्रॅकर म्हणजे प्रोटॉनांची टक्कर होते त्या जागेभोवती रचलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्या. सगळ्या मिळून 200 चौरस मीटर सिलिकॉन, 16 हजारांवर तुकडे. प्रत्येक तुकडा कण कुठून गेला ते सांगतो. पण तुकडा स्वतः कुठं आहे ते आधी कळायला पाहिजे, तेही 10 मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आत जाऊन पट्टी लावून मोजायची सोय नाही. शिवाय थंड केलं की सगळं आक्रसतं, चुंबक चालू केलं की भाग जागचे हलतात. मग करायचं काय, तर कणांनाच विचारायचं. लाखो कणांचे मार्ग घ्यायचे, प्रत्येक मार्ग ज्या तुकड्यांतून गेला त्या खुणा जोडायच्या. एखाद्या तुकड्यावरची खूण दर वेळी रेषेच्या डावीकडंच पडत असेल तर कण चुकला नाही, तुकडा सरकलाय. असे लाख-दोन लाख आकडे एकदम सोडवायचे. संगणक ते करतो, पण उत्तर खरं का हे माणसानं बघायचं.

पहिले दोन महिने मला यातलं काही धड कळत नव्हतं. गटाची प्रमुख एक जर्मन बाई होती. मी तिला नावानं हाक मारावी अशी तिची इच्छा, आणि माझ्या तोंडचं 'मॅडम' सुटत नव्हतं. मीटिंगमध्ये मी गप्प. तीस देशांचं इंग्रजी एकाच खोलीत. आपलं तोंड उघडेपर्यंत विषय पुढं गेलेला.

एका रविवारी आप्पांना फोनवर सांगायला लागलो. काय करालास तिकडं, हे ते दर वेळी विचारायचे आणि मी दर वेळी "काम चालू आहे" म्हणायचो. त्या दिवशी मात्र सगळं सांगितलं: तुकडे, रेषा, डावीकडं पडणारी खूण. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे जॉब ट्रू करणं."

ज्यांनी लेथ बघितला नाही त्यांच्यासाठी: चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब धरला की तो कधीच नेमका मध्यावर बसत नाही. मग डायल गेज जॉबला टेकवून ठेवायचा, हातानं चक सावकाश फिरवायचा, काटा कुठं आणि किती हलतो ते बघायचं. जिथं जास्त तिथला जबडा आवळायचा, समोरचा सैल करायचा. पुन्हा फिरवायचं. काटा थांबेपर्यंत. आप्पांचं हे काम मी लहानपणी कितीदा बघितलं होतं. त्यांचा उजवा हात चकवर, डावा किल्लीवर, आणि नजर काट्यावरून हलायची नाही. आपण काही विचारलं तर उत्तर यायचं ते काटा थांबल्यावर. आमच्या कामात 16 हजार जबडे होते आणि चक प्रोटॉन फिरवत होते, एवढाच काय तो फरक.

नंतर मी त्यांना खरी अडचण सांगितली. कधीकधी सगळ्या खुणा रेषेवर चपखल बसतात, संगणक म्हणतो उत्तम, आणि तरी उत्तर चूक असतं. सगळा ट्रॅकर मिळून थोडा पिळवटलेला असतो. सगळे तुकडे एकमेकांच्या तालात चुकलेले, त्यामुळं कुणाची कुणाशी तक्रार नाही. आमच्यात याला 'वीक मोड' म्हणतात. मला वाटलं हे काही त्यांना उमगायचं नाही.

"बेडच वाकडा असंल तर डायल पण त्याच बेडवर बसलाय की," ते म्हणाले. "काटा हलंलच कशाला? बाहेरनं कायतरी आणून लावाय लागतंय."

बाहेरचं काहीतरी म्हणजे आमच्यासाठी आभाळातून येणारे म्युऑन. अंतराळातले किरण वातावरणावर आदळून हे कण तयार होतात आणि सतत खाली पडत असतात. पसरलेल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक जातो. 100 मीटर माती भेदून ते आमच्या यंत्रातही शिरतात. टकरीतले कण मध्यातून बाहेर उडतात, हे मात्र वरून शिरून खाली आरपार जातात, म्हणून पीळ पकडतात. एलएचसी बंद असताना आठवडेच्या आठवडे नुसते हे म्युऑन गोळा करायचे. 2015 चा वसंत मी त्यातच घालवला. आईला तळहाताचं सांगितलं तर तिनं फोन खांद्यात धरून हात पसरला असावा, कारण थोडा वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "काय लागंना तर."

5 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, दोन वर्षांच्या दुरुस्तीनंतर बोगद्यात पुन्हा प्रोटॉन फिरले. 3 जूनपासून 13 टीईव्ही ऊर्जेच्या टकरी. मग पाळ्या सुरू. आधी दुसऱ्याच्या मागं बसून शिकायचं, मग परीक्षा, मग स्वतःच्या नावावर पाळी. सकाळी 7, दुपारी 3, रात्री 11. बाहेरगावच्या नव्या पोराला रात्रीच्या जास्त मिळतात, हे उद्यमबागेत आणि तिथं सारखंच. एका इटालियन मुलीच्या खटारा गाडीतून आम्ही सेसीला जायचो. नियंत्रण कक्षात चार-पाच माणसं आणि भिंतभर पडदे. सगळं ठीक असेल तर करायला काही नसतं, आणि पहाटे 4 ला 'काही नाही' हे बघत जागं राहणं हेच काम. मला वाटायचं, आप्पांच्या हातात निदान जॉब तरी असायचा.

जुनी माणसं अशा वेळी गोष्टी सांगतात. याच बोगद्यात आधी एलईपी नावाचं यंत्र होतं. त्याच्या ऊर्जेत रोज बारीक चढउतार दिसायचे. एक कारण निघालं चंद्र: भरती-ओहोटीनं जमीनच फुगते-बसते आणि 27 किलोमीटरच्या वर्तुळाचा घेर मिलिमीटरभर बदलतो. दुसरं निघालं रेल्वे: पॅरिसच्या गाड्यांच्या रुळांतून झिरपणारी वीज बोगद्यातून वाट काढत होती. हे आप्पांना भलतंच आवडलं. त्यांचं वर्कशॉप तिसऱ्या रेल्वे फाटकापासून लांब नाही. खानापूरकडची गाडी गेली की फिनिशिंग कटवर बारीक लाट उमटते, असं ते मालकाला वर्षानुवर्षं सांगत होते आणि मालक मानत नव्हता. "मालकाला सांगाय लागतंय, सर्नमध्येबी तसंच निघालं."

15 डिसेंबर 2015. त्या दुपारी सर्नच्या मोठ्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. वर्षाचे निकाल होते. अॅटलस आणि सीएमएस, दोन्ही प्रयोगांना दोन फोटॉनांच्या (प्रकाशकणांच्या) आलेखात 750 जीईव्ही ऊर्जेजवळ एक उंचवटा दिसला होता, म्हणजे कदाचित नवा कण. कुणी 'शोध' हा शब्द उच्चारला नाही, पण चेहरे लपत नव्हते. हिग्ज 2012 मध्ये सापडला तेव्हा मी मुंबईत पडद्यावर बघितलं होतं. या वेळी मी आत होतो. ज्या फोटॉनांचे, ज्या मार्गांचे आकडे पडद्यावर होते त्यांच्या खाली कुठंतरी माझे हलवलेले तुकडे होते. रात्री झोप नाही. पहाटेच घरी फोन लावला.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. "दुसऱ्या मशीनवर मोजून बघितलासा काय?"

"बघितलं. तिथंही दिसलंय."

हे उत्तर त्यांना अपेक्षित नसावं. जरा थांबले. "मापं किती घेतली?"

थोडी होती. त्या उंचवट्यात मोजायला हाताची बोटं फार वेळा लागली नसती. मी तसं सांगितलं.

"मग थांबा की," म्हणाले, आणि विषय बदलून घरपट्टीचं काहीतरी सांगायला लागले. मला राग आला. जगभर लोक थांबायला तयार नव्हते. पुढच्या काही महिन्यांत त्या उंचवट्याचा अर्थ लावणारे पाचशेच्या आसपास पेपर लिहिले गेले.

जानेवारीत आजी गेली. मी रात्रपाळीवर होतो. फोन आला तेव्हा बेळगावात सकाळ झाली होती आणि माझ्यासमोर पडद्यावर सगळं हिरवं होतं. पाळी बदलून मिळाली असती, तिकीटही मिळालं असतं. पण माझं ओळखपत्र नूतनीकरणाला गेलेलं होतं, आणि ते हातात नसताना बाहेर पडलो तर परत आत येताना अडचण झाली असती. आप्पा म्हणाले, "येऊ नको, दहाव्याचं मी बघतो." पाळी सकाळी 7 ला संपली. इटालियन मुलीनं गाडीत काही विचारलं नाही, नुसतं रेडिओ बंद केला. सें-जेनीत दाट धुकं होतं, समोरचं चौकातलं घड्याळ दिसत नव्हतं. आजीनं मला चालायला शिकवलं आणि शाळेत सोडलं, आणि तिच्या खांदेकऱ्यांत मी नव्हतो. याच्यावर अजून काही लिहिता येत नाही.

29 एप्रिलच्या पहाटे एक मुंगसासारखा प्राणी उघड्यावरच्या 66 हजार व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर चढला आणि जगातलं सगळ्यात मोठं यंत्र काही दिवस बंद पडलं. गल्लीत माझ्या कामाची एवढी चर्चा कधी झाली नव्हती. आईला त्या प्राण्याचं वाईट वाटलं.

आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या परिषदेत 2016 ची मापं मांडली गेली. जवळजवळ चौपट. उंचवटा नव्हता. कुणी चुकलं नव्हतं, यंत्र बिघडलं नव्हतं. थोड्या मापांत असं कधीकधी दिसतं, तसं दिसलं होतं. मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. आप्पांना सांगितलं तेव्हा "बघ, म्हणत नव्हतो?" असलं काही ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "रिजेक्शन मनाला लावून घेऊ नये, पुढचा जॉब चढवायचा." त्यांना काय, असं मनात आलं. मग आठवलं की महिन्याच्या शेवटी रिजेक्शनचे पैसे त्यांच्या पगारातून कापले जायचे.

त्याच सुमारास मेल आलं: माझं नाव यादीत लागलं. आमच्या यादीचा क्रम देशांप्रमाणं असतो, पहिला आर्मेनिया. त्यामुळं सगळं जग आमचे पेपर येरेवानच्या एखाद्या भौतिकज्ञाच्या नावानं ओळखतं, तुम्ही काहीही केलेलं असो. हंगेरी संपलं की भारत. आडनाव पूर्ण, बाकी नावांची नुसती अक्षरं. माझं एक, आप्पांचं एक. काही नावांपुढं खंजिराची खूण असते. ती माणसं आता नाहीत, पण त्यांचं काम त्या पेपरात आहे म्हणून नाव काढत नाहीत.

दसऱ्याला घरी आलो. खडेबाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून पेपर छापून घेतला: विज्ञानाची 22 पानं, नावांची 16. पानं मोजताना "साहेब, मागची पण काढू काय? नुसती नावंच हायत," असं तो दोनदा म्हणाला. काढ म्हटलं.

खंडेनवमी होती. आप्पा आता निवृत्त, पण देवघरासमोर पाटावर त्यांची स्वतःची हत्यारं मांडलेली: मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल गेज, दोन किल्ल्या. हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्यांनी चष्मा लावला आणि भारत सापडेपर्यंत बोट खाली नेत राहिले. नाव सापडल्यावर बोट मधल्या अक्षरावर थांबलं.

"हे मी होय?"

"होय."

"आणि ती दहा मायक्रॉनची गोष्ट खरी?"

मी म्हटलं, खरी. कागदाची जाडी शंभरच्या आसपास असते, तिचा दहावा हिस्सा.

त्यांनी एक पान सुटं केलं, चिमटीत धरलं, आणि हात पाटाकडं गेला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आजच्या दिवशी हत्याराला हात लावायचा न्हाई, ठाऊक हाय न्हवं?" त्यांनी हात मागं घेतला. पान तसंच मायक्रोमीटरशेजारी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पूजा उतरवली. पंच्याच्या कोपऱ्यानं जबड्यावरचं कुंकू पुसून त्यांनी आधी शून्य बघितलं, मग पान धरून रॅचेट तीनदा टकटकवली. आकडा वाचला. पान फिरवलं, दुसऱ्या कोपऱ्याला लावलं. मग तिसऱ्या. मी विचारलं किती आलं, तर बोलले नाहीत. अजून एक कोपरा राहिला होता.